अठरा तास अभ्यास, पण खर्चाचं काय? बाबासाहेबांचे न्यूयॉर्क-लंडनचे दिवस

लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, तर आवाज जरा वाढवा. आजचा भाग थोडा हिशोबाचा आहे.

एप्रिल आला की आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत आणि लायब्रऱ्यांत एक उपक्रम होतो. सलग अठरा तास अभ्यास. मुलं सकाळी पुस्तकं घेऊन बसतात ती रात्रीपर्यंत. बाबासाहेब परदेशात शिकताना अठरा-अठरा तास वाचायचे, त्यांना हे अभिवादन. छान उपक्रम आहे. मला आवडतो.

पण मी सॉफ्टवेअरवाला माणूस. माझं रोजचं काम पेमेंट सिस्टिमचं. कुठलाही मोठा आकडा दिसला की मला पहिला प्रश्न पडतो: याचं बिल कोणी भरलं? अठरा तास वाचायला बसायचं तर त्या अठरा तासांत कमावता येत नाही. खोलीभाडं मात्र द्यावंच लागतं. जेवावं लागतं. घरी बायको-मूल आहे, तिथली चूल पेटावी लागते. मग डॉ. आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याचे हे तास कुठून आले? कोणाच्या पैशांनी आले, आणि त्यासाठी काय काय सोडावं लागलं?

आज तेच बघू. चळवळीतले, संविधानसभेतले बाबासाहेब आपण इतर भागांत पाहिलेत. आज फक्त विद्यार्थी. खोली, जेवण, लायब्ररी आणि खिसा.

महिन्याला साडेअकरा पौंड

१९१३ साल. भीमराव बावीस वर्षांचे आहेत. आदल्या वर्षी एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झालेत. फेब्रुवारीत वडील गेलेत. लग्न झालंय, पत्नी रमाबाई आणि काही महिन्यांचा मुलगा यशवंत. अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड त्यांना अमेरिकेला पाठवायचं ठरवतात. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, महिन्याला साडेअकरा पौंड. बदल्यात करार असा की शिक्षण संपलं की दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची.

आपल्या भाषेत बोलायचं तर बाँड. कंपनी ट्रेनिंग देते आणि दोन वर्षं सोडायचं नाही म्हणते, तसलाच. फक्त हा दहा वर्षांचा.

साडेअकरा पौंड म्हणजे किती? त्या वेळी एका पौंडाला साधारण चार डॉलर सत्त्याऐंशी सेंट मिळत. म्हणजे महिन्याला छप्पन डॉलर. त्यात न्यूयॉर्कमध्ये राहायचं, खायचं, पुस्तकं घ्यायची, आणि चरित्रकार धनंजय कीर सांगतात त्याप्रमाणे त्यातूनच वाचवून घरीही काही पाठवायचं.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या होस्टेलमध्ये. तिथलं जेवण काही मानवलं नाही, आठवडाभरातच मुक्काम हलवला. मग कॉस्मोपॉलिटन क्लब, जिथे इतर भारतीय विद्यार्थी राहत. तिथून पुढे लिव्हिंग्स्टन हॉल. या हॉलमध्ये त्यांना एक पारशी रूममेट मिळाला, नवल भथेना. हे नाव लक्षात ठेवा. पुढे हा माणूस पुन्हा येणार आहे, आणि ऐन गरजेच्या वेळी येणार आहे.

परदेशी शिकायला गेलेल्या कुठल्याही मुलाला विचारा. पहिल्या महिन्यात हेच चालतं. जेवण जमत नाही, खोली बदलावी लागते, मग कोणीतरी आपल्याकडचा भेटतो आणि गाडी रुळावर येते. इथपर्यंतची गोष्ट कोणाचीही असू शकते.

वेगळं काय होतं ते मात्र समजून घ्या. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला वर्गात बसायला स्वतःचं गोणपाट घरून न्यावं लागायचं, शिपाई नसेल तर नळाचं पाणी मिळायचं नाही, तो मुलगा न्यूयॉर्कमध्ये सगळ्यांबरोबर एका टेबलावर जेवत होता. कोणाच्या शेजारी बसायचं हा प्रश्नच नव्हता. ग्लास उचलायचा आणि पाणी प्यायचं. आपल्याला यात काय मोठं असं वाटेल. त्यांच्यासाठी तो रोजचा, प्रत्येक जेवणाचा बदल होता.

तीन वर्षांत साठ कोर्स

आता त्या छप्पन डॉलरमध्ये त्यांनी काय केलं बघा. कोलंबियातल्या तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या कोर्सची यादी उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९. इतिहासाचे ११. समाजशास्त्राचे ६. तत्त्वज्ञानाचे ५. मानववंशशास्त्राचे ४. राज्यशास्त्राचे ३. शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन, एक-एक. बेरीज करा. साठ होतात.

आपल्याकडे एका सेमिस्टरला सहा विषय आले तरी ग्रुपवर रडारड सुरू होते! म्हणून मी ही यादी दोनदा मोजली.

शिकवणारेही तसेच होते. सार्वजनिक वित्त शिकवायला एडविन सेलिग्मन. तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई. इतिहासाला जेम्स हार्वे रॉबिन्सन. १९१५ मध्ये एम.ए. झालं, प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला, आज जगभर शिकवला जातो तोच. तेव्हा वय पंचवीस.

या यादीकडे मी जितकं बघतो तितकं मला वाटतं की तीन वर्षांची शिष्यवृत्ती हातात असलेल्या माणसाची ही यादी आहे. त्याला माहितीये की घड्याळ चालू आहे. तीन वर्षं संपली की ताट उचललं जाणार. म्हणून समोर जे जे आहे ते वाढून घ्या.

त्याच काळात लाला लजपतराय अमेरिकेत होते आणि तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांना राजकीय कामात ओढत होते. त्यांनी भीमरावांनाही विचारलं. कीर लिहितात की भीमरावांनी नम्रपणे नकार दिला. आपण महाराजांच्या पैशांवर शिकायला आलोय, आधी ते पूर्ण करायचं, अशी त्यांची भूमिका होती. पुढे ज्याचं सगळं आयुष्य राजकारणात आणि चळवळीत गेलं, त्या माणसाचा हा नकार आहे. कारण सरळ आहे. जी वेळ हातात होती ती दुसऱ्याने विकत घेऊन दिलेली होती.

चैन एकच होती: जुनी पुस्तकं. सेकंडहँड दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली असं कीर सांगतात. उरलेला डॉलर तिकडे जायचा.

अर्धवट राहिलेलं लंडन, पहिली फेरी

१९१६ मध्ये ते लंडनला आले. ऑक्टोबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश, आणि नोव्हेंबरमध्ये ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी नोंदणी. एकाच वेळी दोन अभ्यासक्रम. पहिलं महायुद्ध चालू होतं.

आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोद्याच्या दिवाणांकडून परत बोलावणं आलं. अभ्यास अर्धा झालेला. त्यांनी विद्यापीठाकडून एक परवानगी मात्र मिळवून ठेवली: ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. म्हणजे डेडलाइन ऑक्टोबर १९२१.

१९१७ च्या उन्हाळ्यात ते निघाले. सामान आणि पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली होती. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. वर्षानुवर्षं पोट मारून घेतलेली पुस्तकं समुद्रात गेली. कीर सांगतात की सामानाची जी भरपाई मिळाली, त्या पैशांतूनच बडोद्याला जायचा खर्च भागवावा लागला. पुस्तकं बुडाली, आणि त्यांच्या किमतीतून बाँडच्या नोकरीवर हजर होण्याचं तिकीट निघालं.

बडोद्यात काय झालं ते त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलंय. नाव लक्षात घ्या मंडळी. व्हिसा म्हटलं की आपल्याला अमेरिकन कॉन्सुलेटची रांग आठवते. या पुस्तिकेतले नकार सगळे आपल्याच देशातले आहेत.

परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत हे ते जवळजवळ विसरलेच होते. बडोदा स्टेशनवर उतरल्यावर प्रश्न आला, राहायचं कुठे? हिंदू हॉटेलं जागा देणार नाहीत. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे. संध्याकाळपर्यंत खोली खाली करा. दिवसभर आसऱ्यासाठी वणवण केली, कोणी दार उघडलं नाही. मग एका सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत तीन ठिकाणी राहिले, जेवण आवडलं नाही म्हणून जागा बदलली. ज्या संस्थानाने पैसे देऊन तिथे पाठवलं, त्या संस्थानाच्या राजधानीत पदवीधर अधिकाऱ्याला एक खोली मिळाली नाही.

दुसऱ्या फेरीचं फंडिंग

आता घड्याळ ऑक्टोबर १९२१ च्या दिशेने चाललंय आणि हातात शिष्यवृत्ती नाही. काय करणार? शिकवण्या केल्या. शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देणारी एक छोटी कंपनी काढून पाहिली. सल्लागार कोणत्या जातीचा आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक यायचं बंद झालं. स्टार्टअप बंद.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नोकरी लागली. पगार महिना ४५० रुपये. तेव्हाच्या मानाने उत्तम. स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली, तेही याच कॉलेजात. त्यांनी पगार साठवला. राहणं परळच्या बीआयटी चाळीत, दोन खोल्यांत. प्राध्यापकाचा पगार आणि चाळीतला खर्च, यातला फरक लंडनच्या नावाने बाजूला पडत होता. ही काटकसर रमाबाईंनीही तितकीच केली हे आपण विसरतो. बचत खात्यावर नाव एकाचं असलं तरी पैसे दोघांच्या पोटातून निघत होते.

तरी ते पुरेना. मग दोन माणसं धावून आली. कोल्हापूरचे शाहू महाराज, त्यांनी दीड हजार रुपये दिले. आणि दुसरा? नवल भथेना! लिव्हिंग्स्टन हॉलमधला रूममेट. त्यांनी पाच हजार रुपये उसने दिले. एका पारशी घोळक्याने बडोद्यात बाहेर काढलं, आणि एका पारशी मित्राने लंडनला पाठवलं. माणसांचं असं असतं.

जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले. 'मूकनायक' हे पाक्षिक जानेवारीत नुकतंच सुरू झालं होतं. ते मागे सहकाऱ्यांवर सोपवून जावं लागलं आणि पुढे ते बंद पडलं. शिक्षणाच्या खर्चात हेही धरा.

लंडनचा एक दिवस

आता आपण त्या खोलीत जाऊ. लंडनच्या चॉक फार्म भागात, प्रिमरोझ हिल टेकडीजवळ, १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. १९२१-२२ मध्ये ते इथे राहिले. त्या काळातला त्यांचा दिनक्रम कीरांनी बारकाईने दिलाय.

भाड्याची खोली, घरमालकीण कडक. सकाळी मिळायचा तो एक पावाचा तुकडा, थोडा मासा, चहा. एवढ्यावर बाहेर पडायचं आणि ब्रिटिश म्युझियमची लायब्ररी गाठायची. घरापासून ती सुमारे चार किलोमीटर. गाडीभाडं वाचवायला पायी.

त्या लायब्ररीची गोलाकार रीडिंग रूम प्रसिद्ध आहे. वर प्रचंड घुमट, खाली चाकाच्या आऱ्यांसारखी मांडलेली टेबलं. कार्ल मार्क्सने 'कॅपिटल'साठीचं वाचन इथेच केलं. आणि गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं: वाचकाचं तिकीट फुकट होतं. लंडनमध्ये फुकट मिळणाऱ्या थोड्या गोष्टींतली ही सगळ्यात मौल्यवान. तिथे ते आत शिरणाऱ्या पहिल्या लोकांत असायचे आणि निघणाऱ्या शेवटच्यांत. दुपारचं जेवण बऱ्याचदा नाहीच. तिथून उठलं की इंडिया ऑफिसची लायब्ररी किंवा विद्यापीठाची.

रात्री खोलीवर आलं की थोडं बोव्हरिल, म्हणजे मांसाच्या अर्काचं गरम पेय, आणि बिस्किटं. पुन्हा वाचन. दहाच्या सुमारास भूक असह्य व्हायची. तेव्हा उपयोगी पडायचे पापड! ओळखीच्या एका गुजराती माणसाने त्यांना पापडांचं एक पुडकं दिलं होतं. पत्र्याच्या तुकड्यावर चार पापड भाजायचे, कपभर दूध घ्यायचं आणि परत पुस्तक. खोलीतला सोबती म्हणायचा, आता झोपा. यांचं उत्तर असायचं की जेवायला पैसे नाहीत आणि झोपायला वेळ नाही, कोर्स लवकर संपवायचाय.

हे ऐकून आपण "काय ती जिद्द!" म्हणतो. जिद्द होतीच. पण त्यांच्या उत्तरात दुसरीही एक गोष्ट आहे, साधा हिशोब. लंडनमधला प्रत्येक जास्तीचा दिवस म्हणजे भाडं, जेवण आणि वाढतं कर्ज. दोन दिवसांचं वाचन एका दिवसात केलं तर एक दिवसाचं भाडं वाचतं. अठरा तास हा आकडा तिथून आलाय. त्यांच्याकडे पैसे असते तर ते कदाचित दहा तास वाचून वेळेवर जेवले असते.

आणि यात एक गंमत आहे. बॅरिस्टर व्हायचं तर तेव्हा ग्रेज इनमध्ये नुसती परीक्षा देऊन भागत नसे. दर सत्रात ठराविक वेळा तिथल्या भव्य हॉलमध्ये इतर विद्यार्थ्यांबरोबर बसून जेवावं लागे, तेव्हाच ते सत्र भरलं असं धरत. शतकानुशतकांची पद्धत होती ती. म्हणजे एका बाजूला खोलीत पत्र्यावर पापड, आणि दुसऱ्या बाजूला हजेरीसाठी सक्तीचं जेवण!

रुपयाचा प्रश्न, आधी खिशात

आता मी पेमेंटवाला माणूस जिथे अडकलो ती गोष्ट सांगतो.

लंडनमध्ये ते ज्या विषयावर डी.एस्सी.चा प्रबंध लिहीत होते तो विषय होता 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. रुपयाचा प्रश्न. रुपयाची किंमत कशी ठरते, कोण ठरवतं, आणि ती हलली की कोणाचं नुकसान होतं. आणि नेमक्या त्याच दोन-तीन वर्षांत रुपया अक्षरशः झोके घेत होता.

थोडं समजून घेऊ. एका पौंडात वीस शिलिंग, एका शिलिंगात बारा पेन्स. महायुद्धाआधी एका रुपयाला एक शिलिंग चार पेन्स मिळत. म्हणजे एक पौंड पंधरा रुपयांना. रुपया चांदीचा होता. महायुद्धात चांदी प्रचंड महागली, म्हणून सरकारला रुपयाचा दर चढवत न्यावा लागला. नाहीतर लोकांनी नाणी वितळवून चांदी म्हणूनच विकली असती. १९२० च्या सुरुवातीला दर दोन शिलिंगांच्याही बराच वर गेला. सरकारने तो दोन शिलिंगांवर पक्का करायचं ठरवलं. पण चांदी कोसळली, भारताची निर्यात मंदावली, आणि दर सावरता सावरता सरकारच्या हातून निसटला. १९२१ मध्ये तो एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली आला.

आता हे एका विद्यार्थ्याच्या खिशात टाकून बघा. दोन शिलिंगांच्या दराने पौंड दहा रुपयांना. म्हणजे पाच हजार रुपयांचे पाचशे पौंड. एक शिलिंग चार पेन्सच्या दराने त्याच पाच हजारांचे तीनशे तेहतीस. मी हे समजायला सोपं म्हणून गोल आकडे घेतोय, पण अर्थ कळला ना? मुंबईतल्या नोटा तेवढ्याच, आणि लंडनमधलं एक तृतीयांश वर्ष गायब.

सप्टेंबर १९२१ मध्ये किंग हेन्रीज रोडच्या त्याच घरातून त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहिलं. दोनशे पौंडांचं कर्ज मागितलं. बारची फी भरायचीय आणि घरी परतायचं तिकीट काढायचंय, विनिमय दराच्या गोंधळाने आपलं गणित बिघडलंय, असं कारण दिलं.

मंडळी, इथे मी ऐकणं थांबवून दोन मिनिटं विचार करा म्हणेन. दिवसभर लायब्ररीत बसून रुपया का पडतो यावर टिपणं काढणारा माणूस रात्री खोलीवर येऊन, रुपया पडला म्हणून पैसे कमी पडले, असं पत्र लिहितोय. आज अमेरिकेत, जर्मनीत एम.एस. करणारी आपली मुलं डॉलर-युरोचा रेट रोज बघतात. कर्ज रुपयांत, खर्च डॉलरमध्ये. त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

त्या प्रबंधातला एक मुद्दा मला या पार्श्वभूमीवर फार महत्त्वाचा वाटतो. रुपया घसरला की निर्यातदाराचा फायदा होतो, म्हणून स्वस्त रुपया देशाला चांगला, असं तेव्हाही बोललं जायचं आणि आजही बोललं जातं. बाबासाहेबांनी विचारलं, हा फायदा येतो कुठून? रुपया घसरला की देशात वस्तू महागतात. मजुरी त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे व्यापाऱ्याच्या नफ्यात जे वाढलं ते मजुराच्या ताटातून कमी झालेलं असतं. चलनाचा विचार करताना त्यांनी ताटाकडे पाहिलं. हे त्यांना पुस्तकांतून सापडलं, हे खरंच. पण महिनाअखेरीला पौंड मोजणाऱ्या माणसाला ते लवकर दिसलं असावं, असं मला वाटतं.

याच काळात त्यांनी जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं. तिथे तर चलनाची आणखी वाईट अवस्था होती. महायुद्धाआधी एका पौंडाला वीसेक मार्क मिळायचे, १९२२ च्या वसंतात हजाराच्या वर मिळत होते. बॉनचा मुक्काम थोडाच ठरला, लंडनचा प्रबंध पूर्ण करायचा होता. ऑक्टोबर १९२२ मध्ये तो सादर झाला.

आणि परीक्षकांनी परत पाठवला. ब्रिटिश धोरणावरची टीका त्यांना जास्त वाटली. पुन्हा लिहा म्हणाले. पुन्हा लिहायला वेळ लागतो, वेळेला भाडं लागतं, आणि पैसे संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले. परळच्या चाळीत बसून प्रबंध दुरुस्त केला आणि पोस्टाने लंडनला पाठवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डी.एस्सी. मिळाली, आणि वर्षअखेरीस पुस्तक प्रकाशित झालं. अर्पण केलंय आई-वडिलांना. दोन वर्षांनी, १९२५ मध्ये, भारताच्या चलनावर नेमलेल्या शाही आयोगासमोर त्यांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली.

बिल कोणी भरलं

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. बिल कोणी भरलं, याची यादी करू. बडोद्याचं संस्थान. कोल्हापूरचं संस्थान. एक रूममेट. सिडनहॅमचा पगार. रमाबाईंची काटकसर. बुडालेल्या पुस्तकांची भरपाई. फुकटचं लायब्ररी तिकीट. आणि स्वतःचं पोट.

या यादीतली एक वस्तू काढून बघा. भथेना लिव्हिंग्स्टन हॉलऐवजी दुसऱ्या होस्टेलला असते तर? रीडिंग रूमला फी असती तर? बुद्धिमत्ता तेवढीच राहिली असती, अठरा तास बसायची तयारीही तेवढीच. पण प्रबंध कदाचित झाला नसता. आणि त्या काळात तेवढ्याच हुशार असलेल्या, पण कोणी महाराज किंवा भथेना न भेटलेल्या किती जणांचं काहीच झालं नाही, याची नोंद कुठेच नाही.

मला वाटतं हे त्यांना स्वतःला सगळ्यात नीट कळलं होतं. १९४२ ते ४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. तेव्हा त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्त्या मंजूर करून घेतल्या, त्यातून काही मुलं परदेशीही गेली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं आणि वर्ग पहाटे ठेवले, म्हणजे मुलांना दिवसा नोकरी करता येईल. ज्याने वेळ आणि पैसा यांची ओढाताण स्वतः भोगलीय, त्यालाच कॉलेजचं टाइमटेबल असं आखायचं सुचतं. पुढे १९५४-५५ पासून केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप सुरू झाली. आपल्या राज्यात अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशी शिकायला पाठवणारी जी शिष्यवृत्ती आहे, तिला नाव आहे राजर्षी शाहू महाराजांचं. किंग हेन्रीज रोडवरून ज्यांना पत्र गेलं होतं, तेच शाहू महाराज.

ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. आज तिथे स्मारक आहे. लंडनला शिकणारी आपली मुलं तिथे जातात, फोटो काढतात. तुमच्यापैकी कोणी तिथे असाल तर घरापासून ब्रिटिश म्युझियमपर्यंत एकदा चालत जा. पाऊण-एक तास लागेल. रिकाम्या पोटी जायची गरज नाही.

आणि एक काम सगळ्यांसाठी. तुमच्या ओळखीत कोणी हुशार पोरगा किंवा पोरगी पैशांमुळे अडली असेल, तर तिला नुसतं "मेहनत कर, अठरा तास अभ्यास कर" असं सांगू नका. शिष्यवृत्तीची जाहिरात आली की तिचा फॉर्म तिच्याबरोबर बसून भरा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शेवटची तारीख, सर्व्हर डाउन, सगळं आपल्याला माहितीये. रांगेत तिच्याबरोबर उभे राहा. जमत असेल तर भथेनांसारखे पैसे उसने द्या.

हा भाग आवडला असेल तर परदेशी शिकणाऱ्या तुमच्या मित्रमैत्रिणींना पाठवा. ते बहुतेक रात्री उशिरा, काहीतरी गरम करता करता ऐकतील. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, वाचत राहा, आणि वेळेवर जेवा. जय भीम!